संगणक बंद पडला, छायाचित्रे बुडाली नाहीत

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कार्याने सोलापूर जिल्ह्यातील एका लहान गावाचे नाव जगभर गेले. याच तालुक्यातील अनेक गावांत सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराचे पाणी शिरले. संगणक खेडोपाडी पोचला आहे. पण वीज, उन्हाळा, धूळ आणि पाणी यांच्यापुढे तो नाजूकच आहे.

घरातील वडीलधाऱ्यांची अखेरची छायाचित्रे, शाळेच्या स्नेहसंमेलनाची दृश्ये, ग्रामपंचायतीने पूर्ण केलेल्या कामांचे पुरावे अनेकदा एकाच यंत्रात असतात. ते सुरू झाले नाही, की सारे गेले असे वाटते. वस्तुस्थिती बहुधा तशी नसते. छायाचित्रे हार्ड डिस्क नावाच्या स्वतंत्र भागात असतात. वीजपुरवठा बिघडला किंवा पडदा काळा झाला, तरी त्या भागाला सहसा धक्का लागलेला नसतो.

दोष कोठे आहे?

‘संगणक सुरू होत नाही’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे प्रकार असतात.

पहिला प्रकार म्हणजे यंत्रात काहीच हालचाल नसणे. अशा वेळी भिंतीवरील बटण, यूपीएस, वायर आणि पेटीच्या मागील कळ क्रमाने तपासावी. त्याच जागी दुसरे उपकरण लावून वीज येते का, हे पाहावे. वीजपुरवठ्याचा आतील डबा मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यात काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे पंखा फिरतो, पण पडद्यावर काही दिसत नाही. प्रथम पडद्याची वायर तपासावी. यंत्रातून ‘बीप’ असा आवाज वारंवार येत असल्यास रॅमची पट्टी सैल झालेली असू शकते. वायर काढून ती पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसावी आणि ती पुन्हा नीट बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

तिसऱ्या प्रकारात कंपनीचे चिन्ह दिसते आणि काम तेथेच थांबते. जोडलेला पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. त्यानंतर ‘स्टार्टअप रिपेअर’चा पर्याय वापरून पाहावा. मात्र पडद्यावर ‘फॉरमॅट’ किंवा ‘रीसेट’ अशी सूचना आल्यास घाईने होकार देऊ नये. दुरुस्तीसाठी यंत्र देतानाही ‘आतील माहिती हवी आहे, फॉरमॅट करू नये’ असे लेखी द्यावे.

माहिती कशी परत मिळते?

यंत्र दुरुस्त होत नसेल, तर हार्ड डिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावता येते. बहुतेक वेळा छायाचित्रे जशीच्या तशी मिळतात. नव्या विंडोज संगणकांत माहिती कुलूपबंद असू शकते. ती उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली लागते. ही किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवणे हिताचे असते.

चुकून पुसलेल्या छायाचित्रांचा प्रश्न वेगळा आहे. प्रथम रीसायकल बिन पाहावे. तेथूनही ती गेली असतील, तरी आशा सोडू नये. ग्रंथालयाच्या सूचीतून कार्ड काढले म्हणून पुस्तक कपाटातून नाहीसे होत नाही. त्याचप्रमाणे संगणक केवळ नोंद काढतो. मूळ माहिती तिच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत राहते. म्हणून त्या डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर नवीन काहीही साठवू नये. फोटोरेक या मोफत प्रणालीने अशी छायाचित्रे शोधता येतात. मात्र ती दुसऱ्या डिस्कवरच उतरवावीत. एसएसडी प्रकारच्या साठ्यात पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर मोकळी करते. तेथे यशाची शक्यता फार कमी असते.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. प्रत्येक नवा प्रयत्न हानी वाढवितो. पुरात भिजलेल्या संगणकाला वीज जोडू नये. त्याची डिस्क उघडू नये, उन्हात किंवा गरम हवेने वाळवू नये. ती तज्ज्ञाकडे सोपवावी. हे काम खर्चाचे असते आणि यशाची हमी नसते.

खरा उपाय

खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे वेळीच प्रती काढणे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. एकाच कपाटातील दोन प्रती पुरात एकदमच भिजतात. नदीकाठच्या गावांनी दुसरी जागा उंचावरील किंवा दुसऱ्या गावातील निवडावी, अथवा इंटरनेटवरील साठ्याचा उपयोग करावा. काढलेली प्रत उघडते की नाही, हेही पाहावे.

३१ मार्च हा दिवस जगात ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस असतो. हिशेबाच्या वह्या मिटताना छायाचित्रांची आणि दप्तराची प्रतही काढण्याचा प्रघात शाळा व ग्रामपंचायतींनी पाडला, तर पुढे यंत्र बंद पडले तरी गावाची स्मृती सुरक्षित राहील.