खिचडीच्या ताटलीत दोन सरकारं

मुलांनो, मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेच्या ओसरीवर रांग लागते. हातात ताटली आणि समोर वाफाळलेली खिचडी! खाता खाता कधी विचार केलात का, की ही खिचडी नेमकी देतं कोण? मुंबईचं राज्य सरकार, की दिल्लीचं केंद्र सरकार?

वर्गात मी हा प्रश्न टाकला. निम्मी मुलं म्हणाली ‘मुंबई’, निम्मी म्हणाली ‘दिल्ली’. एक मुलगी ठसक्यात म्हणाली, “बाई, आमच्या स्वयंपाकाच्या मावशी देतात!” गंमत म्हणजे, तिघांचंही उत्तर बरोबर आहे. कसं, ते पाहू या.

कामांच्या तीन याद्या

एवढा मोठा आपला देश. दिल्लीत बसून गावोगावच्या शाळांची कुलपं उघडता येतील का? आणि प्रत्येक राज्याने आपापलं वेगळं सैन्य ठेवलं, वेगळ्या नोटा छापल्या तर? सगळा गोंधळच! म्हणून संविधान लिहिणाऱ्यांनी कामांची वाटणी करून ठेवली. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे परिशिष्टात, या वाटणीच्या तीन याद्या आहेत.

पहिली संघसूची. संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन, परराष्ट्रांशी संबंध ही कामं केंद्राची. दुसरी राज्यसूची. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य, ग्रामपंचायती आणि नगरपालिका ही कामं राज्याची. तिसरी समवर्ती सूची. या यादीतल्या विषयांवर दोघेही कायदे करू शकतात. एकाच विषयावर दोघांचे कायदे एकमेकांच्या विरुद्ध गेले, तर साधारणपणे केंद्राचा कायदा चालतो.

मग तुमची शाळा कोणत्या यादीत? २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं, तेव्हा शिक्षण हा विषय मुख्यतः राज्याकडे होता. १९७६ साली ४२वी घटनादुरुस्ती झाली आणि तो समवर्ती सूचीत आला. तेव्हापासून शाळेत दोन्ही सरकारांचा शब्द चालतो. म्हणूनच ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संसदेने केला, आणि त्याप्रमाणे शाळा चालवायचं काम राज्यांकडे आलं.

आधी राज्य, मग देश

शाळेतल्या जेवणाची सुरुवात दिल्लीत झाली नाही, बरं का! १९५०च्या दशकात के. कामराज हे तेव्हाच्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. गरिबाघरची मुलं भुकेपोटी शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तामिळनाडूत ही योजना फार मोठ्या प्रमाणावर वाढवली.

एका राज्याने करून दाखवलं, तेव्हा देशाला वाट दिसली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशपातळीवर योजना सुरू केली. केंद्राने धान्य फुकट द्यायचं, राज्यांनी ते शिजवून वाढायचं, असं ठरलं.

पण शिजवायचं म्हणजे डाळ, तेल, मीठ, जळण आणि स्वयंपाक करणारी माणसं लागणार. तो खर्च राज्यांच्या गळ्यात! मग बऱ्याच राज्यांनी सोपा मार्ग काढला. शिजवलेल्या जेवणाऐवजी ज्या मुलांची हजेरी पुरेशी असेल, त्यांना महिन्याला ३ किलो धान्य घरी देऊन टाकलं. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्यापैकी कुणीतरी पिशवीत तांदूळ घेऊन शाळेतून घरी गेलेलं असेल! आता घरात खाणारी तोंडं पाच-सहा असतील, तर त्या ३ किलोतलं शाळेतल्या मुलाच्या पोटात कितीसं जाणार?

तुझं काम की माझं?

२००१ साली राजस्थानात आणि आणखी काही राज्यांत दुष्काळाने माणसं हवालदिल झाली होती. त्याच वेळी सरकारी गोदामं मात्र धान्याने भरून वाहत होती. धान्य केंद्राचं, ते वाटायची यंत्रणा राज्याची आणि मधल्या मध्ये माणसं उपाशी! नागरी हक्कांसाठी काम करणारी ‘पीयूसीएल’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला कोरडं धान्य न देता शिजवलेलं जेवण द्या.

आदेश झाला, पण पैशांचं काय? २००४ साली केंद्राने शिजवण्याच्या खर्चासाठीही मदत द्यायला सुरुवात केली. एका मुलामागे दिवसाला एक रुपया! पुढे ही रक्कम वाढत गेली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर हे जेवण मुलांचा हक्क ठरवलं.

पाहिलंत ना? काम एकाला आणि पैशांची थैली दुसऱ्याकडे, असं झालं की गाडी अडते. कामाची वाटणी करताना पैशांचीही वाटणी नीट करावी लागते.

तुमच्या ताटलीचा हिशेब

आता आपली ताटली पुन्हा पाहू. २०२१ पासून या योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, हे केंद्राकडून येतं. शिजवण्याच्या ठरलेल्या खर्चात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा १०० रुपयांत ६० आणि राज्याचा ४०. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी मात्र केंद्र ९० देतं, कारण त्यांची कमाई कमी आणि डोंगरातला खर्च जास्त.

ताटलीत काय काय वाढायचं, हे बरंचसं राज्य ठरवतं. तामिळनाडूतल्या मुलांना जेवणात अंडं मिळतं. त्याच राज्याने २०२२ साली प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी सकाळची न्याहारीही सुरू केली. त्यासाठी दिल्लीची वाट पाहिली नाही. हाच तर राज्यांच्या अधिकाराचा फायदा! एक राज्य नवं काही करून पाहतं आणि ते जमलं, तर बाकीचे शिकतात.

आपल्या महाराष्ट्रानेही देशाला असं शिकवलं आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. २००५ साली देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

आता पालकांसाठी दोन शब्द. एखाद्या दिवशी खिचडी कच्ची राहिली किंवा तांदूळच आला नाही, तर “सरकारच असलं!” म्हणून आपण मोकळे होतो. पण कुठलं सरकार? मुलांच्या तब्येतीचा हा प्रश्न आहे. तक्रार चुकीच्या दारात गेली, की ‘ते आमचं काम नाही’ असं उत्तर मिळतं आणि मूल उपाशीच राहतं. सुरुवात शाळेच्या व्यवस्थापन समितीपासून करा. तिथे पालक सदस्य असतातच. दारं कोणती, हे माहीत असलं की टोलवाटोलवी चालत नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक उद्योग. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जी जी सरकारी कामं दिसतील, त्यांची यादी करा. एसटी, पोस्टमन, पोलीसदादा, रेल्वेचं फाटक, नाणं, दवाखाना... प्रत्येकासमोर लिहा : केंद्र, राज्य की दोघंही? अडलात, तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा. आणि तेही अडले, तर मग सगळे मिळून शोधा!