दूरच्या वर्गासाठी घरचे दप्तर

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९५ साली, कोल्हापुरात वसविण्यात आलेल्या शाहूपुरीच्या पेठेत ज्यांच्या घराण्याने गुळाची अडत केली, त्यांना निराळे सांगावयास नको, की पेढी जितकी भांडवलावर चालते तितकीच ती दप्तरावर चालते. आणि रोजकीर्द मिळविल्यावाचून दिवा न मालविणाऱ्या जुन्या मुनिमाचा जो शिरस्ता, तोच संगणकापुढे बसून दूरस्थ अभ्यासक्रम पुरा करू इच्छिणाऱ्या माणसाला यंत्राच्याही आधी हवा असतो, असे माझे मत आहे.

विद्येची सोय आता विपुल आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण आपल्या गावातच आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७ पासून देशभरच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकावयास मिळतात. तथापि नोंदणी करणारे पुष्कळ आणि परीक्षेपर्यंत पोहोचणारे थोडे, हे असल्या अभ्यासक्रमांचे जगभरचे वैगुण्य होय; आणि त्यांतील काहीजण तरी विषयाच्या काठिण्यापेक्षा हरवलेल्या पासवर्डानेच नामोहरम होत असावेत.

यंत्राविषयी थोडक्यात. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप या कामास पुरतो; चार जीबीचा चालतो, पण कुंथत चालतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून जुने यंत्र विंडोज ११ ला पात्र नसेल तर ते भंगारात घालण्यापूर्वी उबुंटूसारखी मोफत प्रणाली त्यावर घालून पाहावी. दुकानदार हा सल्ला देणार नाही. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते, परंतु दहा पानांचा स्वाध्याय लिहिणे ही शिक्षाच. मध्यम प्रतीचे चित्र असलेले तासाभराचे व्याख्यान सुमारे एक जीबी डेटा खाते, तेव्हा रोजच्या दीड जीबीवर ज्यांची मदार आहे त्यांनी चित्राचा दर्जा कमी करून ठेवावा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर तत्क्षणी मान टाकतो. त्याच्यापुरता छोटा यूपीएस घेतला की चालू तासातून हद्दपार होण्याची नामुष्की टळते.

आता दप्तर. ‘नवीन फोल्डर’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’ अशा नावांच्या फाइली ज्याच्या पडद्यावर विखुरल्या आहेत, त्याने मुदतीच्या रात्री भलताच कागद धाडला तर नवल नाही. विषयागणिक एक फोल्डर करावा आणि फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे यंत्र त्या आपोआप कालक्रमाने लावते. दुसरी प्रत मात्र त्याच घरात ठेवू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कुंभार गल्लीत पाणी शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही. एक प्रत क्लाउडवर आणि एक पेन ड्राइव्हात घालून उंचावरच्या नातेवाइकांकडे असावी.

मराठी टंकलेखनाची हेळसांड सर्वांत अधिक होते. छापखान्यांतील जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर परीक्षकाच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उमटतो, यास्तव युनिकोडच वापरावे. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. जी कळ दाबून क येतो तीच शिफ्टसह दाबली की ख, आणि ग-घ, त-थ, द-ध यांचीही तीच रीत. वर्णमालेची ही व्यवस्था ध्यानी आली, की कोणीही चिकाटीचा मनुष्य रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावाने थोड्याच आठवड्यांत कळफलकाकडे न पाहता लिहू लागतो. रोमन अक्षरांतून मराठी उतरविणारी साधने सोपी खरी, परंतु जोडाक्षरांशी त्यांची झटापट पाहवत नाही.

नोंदणी करताना एक बारीक खाचखळगा आपल्याकडे विशेष आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारपत्रावर बहुधा शेवटी, आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत कित्येकदा आडनावच निराळे. प्रमाणपत्रावर तर नोंदणीत लिहिलेलेच नाव उतरते. म्हणून परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवावयाचे, त्याबरहुकूम नाव आरंभीच लिहावे. ओटीपी ज्या मोबाइल क्रमांकावर येतो तो आपलाच असावा, मुलाचा वा भाच्याचा नसावा. तो परगावी गेला की आपण दाराबाहेर.

शिवाय ‘स्वयम्’वर शिकणे विनामूल्य असले तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क वेगळे, त्याची मुदत वेगळी, आणि परीक्षा द्यावयाची ती नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. त्या दोन तारखा नोंदणीच्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहाव्यात, आणि प्रवेशपत्र हाती येताच ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यावे. परीक्षेच्या सकाळी त्याचे दुकान उघडे असेलच असे नाही.