फोन विकले, पेटंट राखले

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे जुलै १९८५ मध्ये अर्विन जेकब्स, अँड्र्यू विटर्बी आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी 'क्वालकॉम' स्थापन केली, तेव्हा नेमके काय बनवायचे हेही ठरलेले नव्हते. मालमोटारींचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळविणाऱ्या 'ऑम्निट्रॅक्स' यंत्रणेने १९८८ पासून कंपनीला आर्थिक बळ दिले.

त्या बळावर कंपनीने 'सीडीएमए'चा आग्रह धरला. एकाच दालनात अनेक जोड्या वेगवेगळ्या भाषांत बोलत असल्या, तरी प्रत्येकाला आपल्या भाषेतील बोलणे वेगळे काढता येते. त्याचप्रमाणे या तंत्रात प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र सांकेतिक ओळख मिळते आणि अनेकजण एकाच लहरींवर बोलू शकतात. अमेरिकी मोबाइल उद्योगाने तेव्हा 'टीडीएमए' हे दुसरेच तंत्र पसंत केले होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रात्यक्षिक झाले, तरी नव्या तंत्राची उपकरणे बनविणार कोण, हा प्रश्न होताच. अखेर क्वालकॉमने चिप, फोन आणि मनोऱ्यांवरील यंत्रणा स्वतःच तयार केली. १९९५ मध्ये हाँगकाँगला आणि पुढच्या वर्षी दक्षिण कोरियात सेवा सुरू झाली.

जम बसताच कंपनीने काढता पाय घेतला, तोही नेमक्या ठिकाणाहून! यंत्रणेचा व्यवसाय १९९९ मध्ये एरिक्सनला आणि फोनचा २००० मध्ये क्योसेराला विकला. चिपची रचना व पेटंट मात्र स्वतःकडेच ठेवली. १९९९ या एकाच वर्षात कंपनीच्या समभागाचा भाव २,६०० टक्क्यांहून अधिक वधारला. तिसऱ्या पिढीची मोबाइल सेवाही सीडीएमएच्याच तत्त्वावर आधारलेली असल्याने युरोपीय स्पर्धकांनाही परवाना घेणे भाग पडले. २००३ मध्ये ५०१ रुपये भरून 'रिलायन्स इन्फोकॉम'चा फोन घेणाऱ्या भारतीय ग्राहकाच्या हातातही हेच तंत्रज्ञान होते.

वादाचे मूळ स्वामित्वशुल्काच्या आकारणीत आहे. ते चिपच्या नव्हे, तर संपूर्ण फोनच्या किमतीवर आकारले जाई; शिवाय परवाना नसलेल्यास चिपही मिळत नसे. फोनचा पडदा वा कॅमेरा महागला, तर त्याचा वाटा क्वालकॉमला का, हा उत्पादकांचा सवाल गैरलागू म्हणता येणार नाही. अमेरिकी व्यापार आयोगाने २०१७ मध्ये खटला भरला. २०१९ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. अ‍ॅपलनेही २०१७ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. एप्रिल २०१९ मध्ये तडजोड झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये 'आयफोन १६ई'मध्ये अ‍ॅपलने स्वतःचा मोडेम बसविला. पेटंट-परवान्याचा करार मात्र त्याआधीच मार्च २०२७ पर्यंत वाढवून घेतला होता.