मणक्यांमधील चकत्या

मनुष्याच्या पाठीचा कणा हा अखंड स्तंभ नव्हे. मानेपासून कमरेपर्यंत एकावर एक रचलेले २४ सुटे मणके व त्यांच्या खाली त्रिकास्थी अशी त्याची रचना आहे. हाडावर हाड नुसते टेकलेले असते, तर वाकणे व वळणे दुष्कर झाले असते. म्हणून निसर्गाने मणक्यांच्या मध्ये लवचिक चकत्यांची योजना केली आहे. व्यवहारात त्यांना ‘गादी’ म्हणतात. अशा २३ चकत्या असतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये मात्र चकती नसते. कण्याच्या एकूण लांबीचा सुमारे चौथा हिस्सा या चकत्यांचा असतो.

प्रत्येक चकतीचे दोन भाग पडतात. मध्यभागी मऊ, बुळबुळीत गाभा असतो. त्यातील मोठे रेणू पाणी ओढून धरून ठेवतात. त्यामुळे तरुणपणी गाभ्याचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचाच असतो. गाभ्याभोवती चिवट तंतूंच्या सुमारे १५ ते २५ थरांचे कडे असते. एका थरातील तंतू एका बाजूस तिरपे, तर पुढच्या थरातील विरुद्ध बाजूस तिरपे असतात. वरून भार पडला की गाभा दबून सर्व बाजूंना रेटा देतो आणि पिंपाभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांप्रमाणे हे कडे तो रेटा पेलते.

हा भार शरीराच्या स्थितीनुसार बदलतो. १९९९ साली जर्मनीत एका व्यक्तीच्या कमरेतील चकतीमधील दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला. निजलेल्या स्थितीपेक्षा उभे असताना तो सुमारे पाचपट आढळला. पाठ वाकवून २० किलोग्रॅम वजन उचलताना तर तो उभ्या स्थितीच्याही चौपटीहून अधिक झाला. गुडघे वाकवून तेच वजन उचलले असता दाब बराच कमी भरला.

प्रौढ माणसाच्या चकतीत, अगदी बाहेरची कड सोडल्यास, रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारी पोषकद्रव्ये लगतच्या मणक्यांतून कूर्चेच्या पातळ थरांमधून हळूहळू झिरपत येतात. दिवसभराच्या भाराने चकतीतील काही पाणी बाहेर पडते व रात्री ती ते पुन्हा शोषून घेते. म्हणूनच माणूस सकाळच्या मानाने संध्याकाळी एक-दोन सेंटिमीटरने ठेंगणा भरतो. अवकाशात कण्यावर भार नसल्याने अंतराळवीरांची उंची तात्पुरती वाढते, तीही याच कारणाने.

वयोमानाप्रमाणे गाभ्यातील पाणी घटते आणि कड्याला चिरा पडू लागतात. एखाद्या चिरेतून गाभ्याचा अंश मागे सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आणतो. मग कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. हीच सायटिका होय. चकतीचा हा बिघाड आणि ही वेदना यांचा संबंध अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ साली स्पष्ट केला.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग त्यामुळे दिशाभूल करणारा ठरतो. चकती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट जखडलेली असते. ती जागची हलत नाही. साहजिकच हिसके देऊन वा रगडून ती ‘जागेवर बसविणे’ हेही शक्य नसते. बहुतेक रुग्णांची वेदना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. बाहेर आलेला अंश पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या चुंबकीय प्रतिमांतही फुगलेल्या चकत्या दिसतात. तेव्हा केवळ प्रतिमेवरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पूर्वी दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. आता वेदना सोसवेल इतपत हिंडणे-फिरणेच हितावह मानतात.

याला अपवाद आहेत. पायातील शक्ती कमी होत जाणे, मांड्यांच्या आतील व बैठकीच्या भागात बधिरता येणे, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही घडल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो.