रायझन की आय-फाइव्ह: घरातल्या एका संगणकाचा हिशेब

संगणकाच्या बाजारात २०२२ या वर्षी, तीन महिन्यांच्या अंतराने, असे दोन प्रोसेसर आले की त्यांच्या खोक्यांवरील आकडे शेजारी शेजारी ठेवले तर ग्राहकाला निर्णय करणे अवघड व्हावे. इंटेलचा कोअर आय५-१२४०० जानेवारीत आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० एप्रिलमध्ये विक्रीस आला. दोहोंत सहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारे सहा विभाग. दोहोंत बारा थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोअरला एकाच वेळी हाताळता येणारे आज्ञांचे दोन प्रवाह. दोहोंची कमाल गती ४.४ गिगाहर्ट्झ आणि दोहोंवर छापलेला विजेचा आकडा ६५ वॉट. अमेरिकेत जाहीर झालेल्या किमतीही अनुक्रमे १९२ आणि १९९ डॉलर, म्हणजे जवळपास सारख्याच होत्या. अशा जोडीची तुलना बोधप्रद ठरते, कारण आकडे जुळूनही निवड का बदलते, याचा शोध घेताना प्रोसेसरचे मोल कशावरून ठरवावे हेच उलगडत जाते.

हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात केवळ हौशी तरुणांपुरता उरलेला नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, १९८३ साली राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर, लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे सहकाराच्या पुढाकारातून अशी महाविद्यालये उभी राहिली आणि ऊस व दूध यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरांतील मुले तांत्रिक शिक्षणाकडे वळली. अशा घरात संगणक येतो तो बहुधा एकच. त्यावर मुलाचे प्रोग्रॅमिंग आणि अभियांत्रिकी आरेखन चालते, वडिलांच्या कृषी सेवा केंद्राचे किंवा पतसंस्थेचे हिशेब होतात आणि रात्री त्याच पडद्यावर गेमही खेळला जातो. त्यातच विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ने बरीच जुनी यंत्रे अधिकृत यादीबाहेर ठेवली, त्यामुळे आठ-दहा वर्षे वापरलेला संगणक बदलण्याचा विचार अनेक घरांना करावा लागत आहे. येथे विचारात घेतलेले दोन्ही प्रोसेसर त्या यादीत बसतात.

गाळप आणि गव्हाण

प्रोसेसरचे काम समजून घेण्यासाठी या जिल्ह्यातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही, कारण प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून गाळपाची भाषा येथे घरोघरी परिचित आहे. कारखान्याचे रोलर मिनिटाला किती फेरे घेतात, ही झाली प्रोसेसरची घड्याळगती, जी गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला अब्जावधी ठोक्यांत मोजतात. परंतु फेऱ्यांच्या संख्येवरून दिवसाचे गाळप सांगता येत नाही. एका फेऱ्यात किती ऊस पिळला जातो, हे कळावे लागते. त्याचप्रमाणे एका ठोक्यात किती आज्ञा पार पडतात यावर प्रोसेसरचे खरे काम अवलंबून असते आणि हे प्रमाण प्रत्येक रचनेत वेगळे असते. म्हणूनच रायझनची मूळ गती ३.५ आणि आय५ची २.५ गिगाहर्ट्झ छापलेली पाहून पहिला दुसऱ्याहून दीडपट वेगवान असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मूळ गती हा सतत भारासाठी कंपनीने दिलेला किमान हमीचा आकडा असतो. पुरेसा थंडावा आणि वीज मिळत असेल तर दोन्ही प्रोसेसर प्रत्यक्ष कामात त्याहून बरेच वर चालतात, आणि एका ठोक्यातील कामात आय५ किंचित पुढे आहे.

याच उपमेतील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. रोलर कितीही दमदार असले तरी गव्हाणीत मोळ्या पडत नसतील तर ते रिकामे फिरतात. संगणकात माहितीचे शेत म्हणजे रॅम, आणि तेथून माहिती येईपर्यंत प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. म्हणून वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अंगातच साठवणारी कॅशे नावाची छोटी, अतिशय वेगवान स्मृती ठेवलेली असते. ती पायऱ्यापायऱ्यांची असते. कोअरला लगटून असलेल्या दुसऱ्या पायरीच्या कॅशेत आय५ सरस आहे, कारण त्यात प्रत्येक कोअरला १.२५ एमबी मिळते, तर रायझनमध्ये अर्धा एमबी. उलट सर्व कोअरना सामाईक असलेली तिसऱ्या पायरीची कॅशे रायझनमध्ये ३२ एमबी आणि आय५मध्ये १८ एमबी आहे. एकाने दाराशी जास्त मोळ्या ठेवल्या, तर दुसऱ्याने अंगण मोठे राखले, असा हा दोन रचनांतील फरक आहे.

खेळाच्या पडद्यावर

गेम चालू असताना पडद्यावरील दृश्य सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटले जाते आणि अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ७ मिलिसेकंद हाती असतात. या अवधीत पात्रे कोठे आहेत, कोण कोणावर आदळले, शत्रूची पुढची चाल काय, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्यानुसार रंग-प्रकाशासह चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांपैकी जो मागे राहतो त्याच्याच वेगाने खेळ चालतो. पडद्यावरील बिंदूंची संख्या वाढली, म्हणजे फुल एचडीवरून फोर-के पडद्यावर गेले, की कार्डाचे ओझे चौपट होते; प्रोसेसरचे मात्र फारसे वाढत नाही. त्यामुळे मध्यम किमतीचे कार्ड लावलेल्या घरगुती संगणकात या दोन प्रोसेसरांमधील फरक बहुतेक गेममध्ये मोजक्या टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, आणि तोही कधी एकाच्या तर कधी दुसऱ्याच्या बाजूने असतो.

प्रोसेसरचा कस लागतो तो अधिक फ्रेमदराच्या स्पर्धात्मक गेममध्ये. अशा गेममध्ये माहिती स्मृतीच्या कानाकोपऱ्यातून गोळा करावी लागत असल्याने मोठ्या सामाईक कॅशेचा लाभ होतो. एएमडीने याच २०२२ साली काढलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये कॅशेचा एक थर दुसऱ्यावर रचून ती ९६ एमबीपर्यंत नेली. घड्याळगती आपल्याच मालिकेतील भावंडापेक्षा कमी असूनही तो गेममध्ये त्या भावंडाच्या पुढे गेला, यावरून गव्हाण भरलेली असण्याचे मोल ध्यानात येते.

कामाच्या मेजावर

उत्पादक कामांचे दोन वर्ग पाडता येतात. हिशेबाचा टॅली, मोठी एक्सेल पत्रके, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स यांची मांडणी करणारी डीटीपी सॉफ्टवेअरे, ऑटोकॅडमधील आरेखन, या कामांचा मोठा भाग एकामागून एक करावयाच्या पायऱ्यांचा असतो. तेथे सहा कोअरपैकी एकाचाच वेग प्रामुख्याने उपयोगी पडतो आणि म्हणून एका ठोक्यात अधिक काम उरकणारा आय५ थोडा सरस ठरतो. दुसऱ्या वर्गात त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग, मोठ्या प्रोग्रॅमचे संकलन, फायली दाबून लहान करणे, अशी वाटून घेता येणारी कामे येतात; त्यांत बाराही थ्रेड जुंपले जातात आणि दोन्ही प्रोसेसर जवळपास बरोबरीने धावतात.

व्हिडिओच्या कामात मात्र एक ठळक भेद आहे. लग्नसमारंभ, कीर्तन आणि जत्रा यांचे चित्रण संपादित करणाऱ्या व्यावसायिकाला तयार चित्रफीत दाबून साठवावी लागते आणि आय५-१२४०० मध्ये अंगभूत असलेल्या यूएचडी ७३० या ग्राफिक्स विभागात याच कामासाठी क्विक सिंक नावाची वेगळी यंत्रणा आहे, जी मुख्य कोअरवरचा भार हलका करते. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्सचा विभागच नाही. त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय त्या संगणकाचा पडदा उजळतच नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वी माहीत नसल्यास बेत फसतो. इंटेलच्या बाजूलाही असाच खड्डा आहे. क्रमांकापुढे ‘एफ’ अक्षर असलेला आय५-१२४००एफ स्वस्त असतो, कारण त्यातील ग्राफिक्स विभाग बंद केलेला असतो. अंगभूत ग्राफिक्ससह रायझन हवा असेल तर ५६००जी हा वेगळा नमुना घ्यावा लागतो. त्याचे चित्रांकन यूएचडी ७३० पेक्षा बरेच चांगले, परंतु सामाईक कॅशे निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे.

मोल कशाचे

किमतीचा विचार एकट्या प्रोसेसरवर थांबवता येत नाही, कारण प्रत्येक प्रोसेसर आपल्यासोबत मदरबोर्ड आणि रॅम यांची अट घेऊन येतो. रायझन ५ ५६०० हा एएम४ नावाच्या सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरील ठरावीक खाचेत, बसतो. रायझन मालिकेने २०१७ पासून तेच सॉकेट वापरल्यामुळे त्याचे बोर्ड नवे-जुने दोन्ही बाजारांत विपुल आहेत, पण त्यावर रॅम डीडीआर४ याच पिढीची चालते. आय५-१२४०० एलजीए१७०० या सॉकेटवर बसतो आणि बोर्ड निवडाल त्यानुसार डीडीआर४ किंवा नवी डीडीआर५ रॅम घेतो. पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय दोन्हीकडे मर्यादित आहे, कारण एएमडी एएम५ कडे आणि इंटेल चौदाव्या पिढीनंतर दुसऱ्या सॉकेटकडे वळली आहे. तरीही त्याच बोर्डावर एक पायरी चढण्यास जागा उरते: एएम४ वर मोठ्या कॅशेचा एक्स३डी प्रोसेसर, तर एलजीए१७०० वर तेराव्या-चौदाव्या पिढीतील अधिक कोअरांचा. पहिली वाट खेळाकडे जाते, दुसरी कामाकडे.

विजेच्या खर्चाची भीती बहुधा वाढवून सांगितली जाते. ६५ वॉट हा आकडा मूळ गतीशी निगडित असून पूर्ण भाराखाली रायझनची मर्यादा ७६ वॉट, तर आय५ची कमाल ११७ वॉट आहे. हा ४१ वॉटांचा फरक रोज चार तास पूर्णपणे पडतो असे मानले, जे प्रत्यक्षात क्वचितच घडते, तरी वर्षाला सुमारे ६० युनिट होतात. दहा रुपये दराने ते सहाशे रुपये. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मात्र थंडाव्याकडे लक्ष द्यावे लागते, कारण तापमान मर्यादेबाहेर गेल्यास प्रोसेसर स्वतःहून गती कमी करतो. सोबत मिळणारा पंखा दोहोंना पुरतो. तो आणि पेटीची जाळी वेळोवेळी धुळीपासून साफ ठेवली की झाले.

पुण्यातील एक जुनी निवड

प्रोसेसरची तुलना एका आकड्यावर करू नये, याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला, तेव्हा त्यासाठी ब्रिटिश बनावटीचा ट्रान्सप्युटर हा प्रोसेसर निवडला होता. गणिती वेगात इंटेलचा आय८६० त्याच्या कितीतरी पुढे होता, परंतु शेजारच्या प्रोसेसरांशी थेट बोलण्यासाठी लागणारे चार दुवे ट्रान्सप्युटरच्या अंगातच होते आणि शेकडो प्रोसेसरांकडून एकजुटीने काम करून घ्यावयाच्या यंत्रात तोच गुण मोलाचा होता. पुढे शक्ती कमी पडू लागल्यावर परम ८६०० मध्ये एका आय८६० सोबत चार ट्रान्सप्युटर बसवण्यात आले: गणित एकाकडे, निरोपांची देवाणघेवाण इतरांकडे. कोणता प्रोसेसर श्रेष्ठ, या प्रश्नाला तेथे उत्तर मिळाले ते कामाची वाटणी करून.

घरातील संगणकालाही हाच न्याय लागू पडतो. ज्या घरात पहिल्या दिवसापासून वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे ठरले आहे आणि खेळाला मोठे स्थान आहे, तेथे रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४००एफ यांपैकी ज्याचा बोर्ड व रॅमसह एकूण खर्च कमी पडेल तो घ्यावा आणि वाचलेले पैसे कार्डावर घालावेत. ज्या घरात आज अभ्यास, हिशेब किंवा व्हिडिओचे काम आहे आणि कार्ड पुढच्या हंगामातील उसाचे बिल जमा झाल्यावर यावयाचे आहे, तेथे ‘एफ’ नसलेला आय५-१२४०० घेणे शहाणपणाचे, कारण कार्ड येईपर्यंतही तो संगणक काम करीत राहतो. १६ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी या दोन गोष्टींवर मात्र दोन्ही घरांनी तडजोड करू नये. त्या नसतील तर यांपैकी कोणताही प्रोसेसर रिकाम्या गव्हाणीपुढच्या रोलरसारखा नुसताच फिरत राहील.