सहा अंकांचा फेर

मुलांनो, वही उघडा आणि ही संख्या लिहा: १४२८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. आता तिला २ ने गुणा. २८५७१४ आलं ना? नीट बघा, अंक तेच सहा! एवढंच नाही, त्यांचा क्रमही तोच, फक्त सुरुवात १ ऐवजी २ पासून झाली. ३ ने गुणा, ४२८५७१. ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५, ६ ने ८५७१४२. भोंडल्याच्या फेरासारखंच हे. कुणापासूनही मोजायला लागा, कुणाशेजारी कोण ते काही बदलत नाही.

आणि ७ ने गुणलं तर? आधी करून बघा, मगच पुढे वाचा.

९९९९९९!

ही जादू नाही बरं का. याचं कारण आपल्याला शोधून काढता येतं, म्हणून तर ही संख्या मला इतकी आवडते. ते कारण दडलंय साध्या भागाकारात. १ ला ७ ने भागायचं आहे. भाग जात नाही, म्हणून दशांशचिन्ह देऊन शून्य घ्या, झाले १०. सात एके सात, बाकी ३. पुन्हा शून्य, झाले ३०. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २०, सात दुणे चौदा, बाकी ६. मग ६०, सात आठे छप्पन्न, बाकी ४. मग ४०, सात पाचे पस्तीस, बाकी ५. मग ५०, साती साती एकोणपन्नास, बाकी १. अरे, ही तर आपली सुरुवातीची १! म्हणजे इथून सगळं पुन्हा पहिल्यापासून. भागाकारात आलेले अंक वाचा: १, ४, २, ८, ५, ७.

आता १ ऐवजी २ ला ७ ने भागा. २ ही बाकी वाटेत येऊन गेलीच होती. त्यामुळे भागाकार तिथूनच सुरू होतो आणि २८५७१४ मिळतं. ७ ने भागल्यावर १ ते ६ एवढ्याच बाक्या उरू शकतात, आणि इथे त्या सहाही येतात. म्हणून ६ पर्यंत कशानेही गुणा, फेर मोडत नाही.

हिची आणखी एक गंमत आहे. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर संख्यांमध्ये अगदी रमून जात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या १४२८५७ चा वर्ग आहे २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा बघू. बरोबर १४२८५७!

आता तुमची पाळी. १ ला १७ ने भागा. वही आडवी धरा, कारण फेर पूर्ण व्हायला १६ अंक लागतात, आणि पहिलाच अंक शून्य आहे, तो गाळू नका.