दातांचा दवाखाना आणि पलीकडची परसबाग

मुलाकडे चार महिने राहायला किंवा मुलीच्या बाळंतपणाला म्हणून बॉस्टनला जाणारे आपल्याकडचे आई-वडील हार्वर्ड पाहतात, एमआयटी पाहतात, बंदरावर फेरफटका मारतात. शहराच्या मधोमध असलेली बॅक बे फेन्स ही हिरवी पट्टी मात्र बहुतेकांना गाडीच्या काचेतूनच दिसते. तिथे उतरून सावकाश पायी हिंडावं. एका काठाला संगमरवरी खांबांची एक जुनी इमारत आहे आणि दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर भाजीपाल्याचे पाचशेहून अधिक वाफे. एके काळी या इमारतीत मुलांच्या दातांचा दवाखाना होता. वाफे आजही वस्तीतल्या लोकांचे आहेत. या दोन शेजाऱ्यांमध्ये कागदोपत्री काहीही नातं नाही. तरी दात शाबूत राहायचे तर दोन्ही लागतात, आणि ती दोन्ही एकाच आवारात शोभावीत अशी आहेत.

जागेचा जन्म दुर्गंधीतून झालेला आहे. हा भाग पूर्वी भरती-ओहोटीची दलदल होता. शहराचं सांडपाणी इथे येऊन कुजायचं आणि नाक धरल्याशिवाय इथून जाता येत नसे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने 1878 पासून तिचा कायापालट करायला घेतला. पाण्याला वाट करून द्यायची आणि त्यातून लोकांसाठी बागही उभी करायची, असा त्याचा बेत होता. पुढे 1910 मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, खारं पाणी येणं थांबलं आणि ओल्मस्टेडची खाजण गोड्या पाण्याची झाली.

त्याच 1910 साली फॉर्सिथ डेंटल इन्फर्मरी फॉर चिल्ड्रेन या संस्थेची स्थापना झाली. फॉर्सिथ कुटुंबाचा पैसा रबराच्या कारखान्यातला. थॉमस आणि जॉन या दोन भावांनी जेम्स आणि जॉर्ज या आपल्या दिवंगत भावांच्या स्मरणार्थ तो गरिबांच्या मुलांच्या दातांवर खर्च केला. भावाचं स्मारक म्हणून पुतळा न उभारता दाढा भरण्याची सोय करणं, हा विचारच मला फार मोठा वाटतो. दवाखाना 1914 मध्ये उघडला. मुलांना आत जाताना भीती वाटू नये म्हणून कांस्याच्या दारांवर गोष्टींतली पात्रं घडवली आणि वाट पाहण्याच्या खोलीत चित्रांच्या फरशा बसवल्या. शाळांतून मुलांच्या तुकड्या इथे येत, ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर बसत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियाही इथेच होत. फरशा कितीही सुंदर असल्या तरी पोटातला गोळा काही जात नसे, आणि बॉस्टनच्या जुन्या माणसांच्या आठवणींत तो गोळा अजून आहे. पण ज्या घरात दात किडला की तो पडेपर्यंत सोसायचा एवढाच उपाय होता, तिथल्या मुलाला पहिल्यांदा तज्ज्ञ हात लागला तो इथे.

इथले संशोधक पर्सी होव यांनी 1920 च्या सुमारास केलेलं काम या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. त्यांनी गिनी पिगांना ताजा पाला-भाजी नसलेला आहार दिला. माणसाप्रमाणे या प्राण्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. ते बंद होताच त्यांच्या दातांची आणि हिरड्यांची दैना झाली. म्हणजे दाताचं आरोग्य ब्रशइतकंच ताटावरही ठरतं, याचा एक भक्कम पुरावा दातांच्या दवाखान्यातच मिळाला.

या इमारतीशी आपलंही नातं आहे. ढाक्याकडचे रफीउद्दीन अहमद आयोवा विद्यापीठातून 1915 मध्ये दंतवैद्य झाले आणि काही वर्षं त्यांनी फॉर्सिथमध्ये काम केलं. 1919 मध्ये ते भारतात परतले आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यांनी देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. त्याचा खर्च भागवला तो त्यांच्याच ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या दुकानातून. महंमद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना याच महाविद्यालयात शिकल्या आणि 1923 मध्ये त्यांनी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना थाटला. 1964 मध्ये अहमद यांना पद्मभूषण मिळालं.

आता बागेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी अन्न लागत होतं, म्हणून अमेरिकेत घरोघर भाज्या लावण्याची हाक दिली गेली. बॉस्टन शहराने 49 जागा त्यासाठी दिल्या, त्यात शहराची शान असलेलं बॉस्टन कॉमनही होतं. युद्ध संपल्यावर बाकी बागा मोडल्या. 1942 ची फेनवे व्हिक्टरी गार्डन्स ही बाग उरली, ती मुख्यतः रिचर्ड पार्कर या माणसामुळे. या साडेसात एकरांवर कधी इस्पितळ, कधी शाळा, कधी वाहनतळ बांधण्याचे बेत आले. पार्कर आणि त्यांचे सोबती प्रत्येक वेळी आडवे उभे राहिले. 1975 मध्ये वारले तोवर ते इथे खुरपत होते. बागेला आता त्यांचं नाव आहे.

आत शिरलं की तारेची बुटकी कुंपणं दिसतात, एकेका वाफ्याला एकेक फाटक. एकीकडे काठ्यांवर चढलेल्या घेवड्याच्या वेली, शेजारी टोमॅटोला दिलेले आधार, पलीकडे कुणी नुसते गुलाबच लावलेले. प्रत्येक वाफा दुसऱ्यापेक्षा वेगळा, कारण प्रत्येकाचं गाव वेगळं, ताट वेगळं. वाफा मिळतो तो फक्त बॉस्टनच्या रहिवाशांना, थोड्या वार्षिक वर्गणीवर, आणि अट अशी की जमीन पडीक ठेवायची नाही. थंडीत सगळं गोठतं, एप्रिलपासून पुन्हा माती उकरायला सुरुवात होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उन्हात दोन तास काम, शेजाऱ्याशी चार शब्द आणि घरी न्यायला पालेभाजीची जुडी मिळते. हे औषध कोणत्याही चिठ्ठीवर लिहून देण्याच्या योग्यतेचं आहे.

फॉर्सिथ संस्था 2010 मध्ये नदीपलीकडे केंब्रिजला गेली. दंतवैद्यांची पथकं शाळांमध्ये पाठवून मुलांना तिथेच तपासण्याचा तिचा उपक्रम त्याआधीच सुरू झाला होता. पूर्वी मुलं दवाखान्यात येत, आता दवाखाना मुलांकडे जातो.

आपल्याकडे दातांचा दवाखाना म्हणजे बाजारपेठेतल्या इमारतीचा दुसरा मजला आणि जिन्यात चपलांची रांग. तरी तालुक्याच्या गावांत दवाखान्यामागे मोकळी जागा पुष्कळदा असते. दंतवैद्यांना माझी विनंती आहे: तिथे एक आवळा, एक पेरू, एक शेवगा लावा. वस्तीतल्या शाळेला दोन वाफे द्या आणि मुलांच्या तपासणीचा दिवस पेरणीच्या दिवशीच ठेवा. मिश्री लावणाऱ्या आजींशी बोलायलाही खुर्चीपेक्षा वाफ्याचा बांध बरा.

बॉस्टनला गेलात तर ग्रीन लाइनच्या ई गाडीने ‘म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स’ला उतरा. संग्रहालयाच्या जवळच फॉर्सिथची जुनी इमारत आहे. तिथून पाण्याच्या कडेने बॉयल्स्टन स्ट्रीटच्या दिशेने चालत गेलात की बाग लागते. जून ते सप्टेंबर हे महिने चांगले. वाटांवरून कुणीही फिरावं, फाटकाच्या आत मात्र बोलावल्याशिवाय जाऊ नये.